तलवारबाजीसाठी बूट निवडताना : दोन पाय, दोन वेगळी कामे

मूल तलवारबाजी शिकायला जाऊ लागले की पहिले काही महिने मास्क, जाकीट आणि तलवार बहुतेक ठिकाणी क्लबकडून मिळते. बूट मात्र स्वतःचे लागतात. मग घरात असलेले धावण्याचे बूट वापरले जातात, नाहीतर 'पाय वाढतोय, दोन वर्षे तरी टिकायला हवेत' म्हणून एक-दोन नंबर मोठे बूट आणले जातात. काही महिन्यांनी टाच दुखते, गुडघ्याच्या पुढच्या बाजूला कळ येते, अंगठ्याचे नख काळे पडते किंवा घोटा मुरगळतो. मूल खेळायला कुरकुर करू लागते आणि घरच्यांना ते आळस करते आहे असे वाटते. यातल्या अनेक तक्रारींचे मूळ पायातल्या बुटात सापडते.

टोकियो ऑलिंपिकमध्ये (२०२१) भवानी देवी सेबर प्रकारात खेळली. ऑलिंपिकमध्ये उतरलेली ती पहिली भारतीय तलवारबाज. त्यानंतर या खेळाकडे वळणारी मुले वाढली आहेत. आपल्या राज्यात शालेय स्पर्धांमध्येही हा खेळ खेळला जातो. त्यामुळे 'तलवारबाजीला कोणते बूट घ्यावेत?' हा प्रश्न पालक आता डॉक्टरांनाही विचारतात. उत्तर समजण्यासाठी आधी या खेळात पाय नेमके काय करतात ते पाहू.

दोन पायांची कामे वेगळी असतात

धावताना डावा आणि उजवा पाय आलटून पालटून एकच काम करतात. तलवारबाजीत तसे नसते. उजव्या हाताने खेळणाऱ्याचा उजवा पाय पुढे असतो आणि त्याचा चवडा प्रतिस्पर्ध्याकडे रोखलेला असतो. डावा पाय मागे, साधारण काटकोनात आडवा असतो. डावखुऱ्या खेळाडूचे याच्या उलट. गुडघे सतत वाकलेले असतात आणि याच स्थितीत १४ मीटर लांबीच्या पट्टीवर, म्हणजे पिस्टवर, पुढे-मागे छोटी, जलद पावले टाकायची असतात.

हल्ला करताना खेळाडू 'लंज' घेतो. मागच्या पायाने जमीन जोरात ढकलून पुढचा पाय लांब फेकला जातो आणि तो टाचेवर उतरतो. क्षणभरात सगळे वजन त्या टाचेवर येते, गुडघा वाकतो आणि शरीर थांबते. त्याच वेळी मागच्या पावलाची आतली कड जमिनीवर घासत पुढे सरकते. एका सरावात असे कित्येक लंज होतात.

यावरून दोन गोष्टी लक्षात येतात :

- पुढच्या पायाला टाचेखाली धक्का झेलणारा थर आणि टाच घट्ट धरून ठेवणारी मागची बाजू हवी.
- मागच्या पायाला घसरणार नाही असा तळ हवा आणि आतल्या कडेला घासणे सहन करणारे मजबूत आवरण हवे.

एकाच जोडीतल्या दोन बुटांकडून दोन वेगळी कामे करून घ्यायची असतात. म्हणून दुकानात दोन्ही बूट वेगवेगळे तपासावेत आणि जुने झाल्यावर त्यांची झीजही वेगवेगळी पाहावी.

दुखापती कुठे होतात?

तलवार पाहून भीती वाटत असली, तरी हा खेळ तुलनेने सुरक्षित आहे. अमेरिकेत राष्ट्रीय स्पर्धांमधील दुखापतींची २००१ ते २००६ अशी ५ वर्षे नोंद ठेवण्यात आली. ७८ हजारांहून अधिक सहभागांमध्ये खेळ सोडावा लागेल अशा दुखापती फक्त १८४ होत्या. त्यांत गुडघ्याचा क्रमांक पहिला, त्यानंतर मांडी आणि घोटा. म्हणजे जास्त त्रास कमरेखाली होतो आणि तो बहुतेक वेळा पावलांच्या हालचालींमुळे होतो.

स्पर्धेतल्या नोंदींत रोजच्या सरावातून हळूहळू वाढणारी दुखणी येत नाहीत. टाचदुखी, तळव्याची सूज, पोटरीच्या खालच्या जाड दोरीसारख्या स्नायुबंधाचे दुखणे किंवा गुडघ्याच्या वाटीमागची कळ घेऊन लोक दवाखान्यात येतात, ती याच प्रकारची. या दुखण्यांत बुटांचा वाटा मोठा असू शकतो.

लंजच्या वेळी नडगीपर्यंत किती धक्का पोहोचतो, हे २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश अभ्यासात १९ पुरुष खेळाडूंच्या नडगीवर यंत्र लावून मोजले गेले. पारंपरिक तलवारबाजीच्या बुटांपेक्षा स्क्वॉश आणि धावण्याच्या बुटांत हा धक्का स्पष्टपणे कमी होता. स्क्वॉश आणि धावण्याच्या बुटांमध्ये मात्र लक्षणीय फरक आढळला नाही. म्हणजे 'तलवारबाजीचे' असे नाव छापलेला प्रत्येक बूट टाचेसाठी चांगला असतोच असे नाही. जुन्या पद्धतीच्या बुटांचा तळ फार पातळ असे. आता अनेक कंपन्या टाचेखाली जाड थर देतात, पण तो आहे का हे आपण स्वतः पाहायला हवे.

जमिनीचाही परिणाम होतो. काँक्रीटवर नुसते व्हिनाइल अंथरलेले असेल तर लाकडी, किंचित लवचिक जमिनीपेक्षा नडगीला जास्त धक्का बसतो, असे दुसऱ्या एका अभ्यासात दिसले. आपल्याकडे शाळांच्या सभागृहात फरशीवर किंवा सिमेंटच्या मैदानावर सराव चालतो. अशा ठिकाणी खेळणाऱ्या मुलांनी टाचेखालच्या थराकडे जास्त लक्ष द्यावे.

मग धावण्याचे बूट का नकोत?

धावण्याच्या बुटात धक्का कमी बसतो, तर तेच का वापरू नयेत, असा प्रश्न साहजिक आहे. कारण धक्का हा प्रश्नाचा एक भाग आहे. दुसरा भाग तोल सांभाळण्याचा.

धावण्याचा बूट सरळ पुढे जाण्यासाठी बनवलेला असतो. त्याचा तळ जाड, मऊ आणि उंच असतो, टाच बाहेरच्या बाजूला पसरट असते. तलवारबाजीत मागचा पाय आडवा असतो आणि त्याला कडेच्या दिशेने जोर लावावा लागतो. मऊ, उंच तळावर असा जोर लावला की पाऊल बुटासकट कलंडते आणि घोटा मुरगळतो. शिवाय धावण्याच्या बुटाचे वरचे जाळीदार कापड मागच्या पायाच्या आतल्या कडेला घासून लवकर फाटते.

बॅडमिंटन, स्क्वॉश, व्हॉलीबॉल किंवा हँडबॉल यांसारख्या बंदिस्त मैदानावरच्या खेळांचे बूट दोन्ही गोष्टी बऱ्यापैकी साधतात. तळ जमिनीलगत असतो, रबर पकड घेते, कडेने आधार असतो आणि टाचेखाली थरही असतो. म्हणून नवशिक्यासाठी मी बहुतेक वेळा हाच पर्याय सुचवतो. बॅडमिंटनचे बूट आपल्याकडे जिल्ह्याच्या गावातही सहज मिळतात.

कापडी कॅनव्हासचे, सपाट पातळ तळाचे बूट आणि फुटबॉलचे खिळ्यांचे बूट या खेळासाठी योग्य नाहीत. पहिल्यात टाचेला आधार नाही, दुसऱ्यात पकड चुकीची.

चांगल्या बुटात काय पाहावे?

दुकानात किंवा घरी पार्सल उघडल्यावर पुढील गोष्टी तपासा. यासाठी पाच मिनिटे पुरतात.

१. टाचेची वाटी. बुटाची मागची बाजू अंगठा आणि बोटाच्या चिमटीत दाबून पाहा. ती कडक असावी, सहज चेपली जाऊ नये. टाच आत डगमगली की लंजमध्ये पाऊल बुटात सरकते.

२. टाचेखालचा थर. आत हात घालून टाचेच्या जागी अंगठ्याने दाबा. किंचित दबून परत वर यायला हवे. दगडासारखे कठीण नको आणि स्पंजासारखे खोल जाणारेही नको.

३. टाचेची मागची कड. तलवारबाजीच्या खास बुटांत तळाचे रबर टाचेच्या मागे थोडे वर चढवलेले आणि गोलसर असते. लंजमध्ये टाच तिरकी उतरते, तेव्हा पाय अडखळत नाही. कोपरा धारदार, चौकोनी असेल तर पाऊल झटक्याने आपटते.

४. आतल्या कडेचे आवरण. अंगठ्यापासून कमानीपर्यंत रबर, चामडे किंवा जाड कृत्रिम आवरण असावे. मागच्या पायाच्या बुटासाठी हे विशेष गरजेचे.

५. वाकण्याची जागा. बूट दोन्ही टोकांना धरून वाकवा. तो चवड्याच्या जागी वाकायला हवा. मधोमध दुमडला तर कमानीला आधार नाही. ओल्या कपड्यासारखा पिळून पाहा, तो सहज पिळला जाऊ नये.

६. तळाची पकड. कोरड्या, स्वच्छ फरशीवर उभे राहून पाऊल कडेने सरकवून पाहा. पाय सहज घसरायला नको, पण रबर जमिनीला इतके चिकटायलाही नको की पाऊल अडकून गुडघा पिळला जाईल.

७. बोटांवरचे आवरण. इपी प्रकारात संपूर्ण शरीर लक्ष्य असते, त्यात पाऊलही आले. पायाच्या बोटांवर टोक लागून मुका मार बसू शकतो. इपी खेळणाऱ्यांनी बोटांवर नुसती पातळ जाळी असलेला बूट टाळावा. फॉइलमध्ये धड आणि सेबरमध्ये कमरेच्या वरचा भाग लक्ष्य असल्यामुळे हा मुद्दा तितका महत्त्वाचा नाही.

८. वजन. हलका बूट बरा, पण वरच्या सात गोष्टींचा बळी देऊन नव्हे.

कोणी कोणते बूट घ्यावेत?

*पहिले सहा महिने ते वर्ष, आठवड्यातून दोन-तीन दिवस सराव :* बॅडमिंटन किंवा तत्सम इनडोअर बूट पुरेसे आहेत. मूल खेळात टिकेल की नाही हे अजून ठरायचे असते. महागडे आयात केलेले बूट घेण्याची घाई करू नका. पैसे वाचले तर ते पाय वाढल्यावर वेळेवर दुसरे बूट घ्यायला उपयोगी पडतात आणि आरोग्याच्या दृष्टीने ते जास्त महत्त्वाचे आहे.

*नियमित सराव, जिल्हा-राज्य स्पर्धा :* लंजची संख्या वाढते, मागच्या बुटाची आतली कड महिन्या-दोन महिन्यांत फाटू लागते. असे झाले की तलवारबाजीसाठी बनवलेल्या बुटांचा विचार करावा. टाचेखाली चांगला थर आहे ना, हे आधी पाहावे.

*चाळिशीनंतर खेळायला लागलेले किंवा वजन जास्त असलेले :* वयानुसार टाचेखालची नैसर्गिक चरबीची गादी धक्का कमी झेलते आणि स्नायुबंधही कमी लवचिक होतात. पातळ तळाचे बूट टाळा. मधुमेह असेल आणि तळव्यांची संवेदना कमी झाली असेल, तर बूट घेण्याआधी डॉक्टरांकडून पावलांची तपासणी करून घ्या. फोड झाला तरी जाणवत नाही आणि साध्या फोडाची जखम चिघळते.

माप घेण्याची योग्य पद्धत

चुकीच्या मापाचा बूट कितीही महाग असला तरी त्रासच देतो. माप असे घ्या :

- संध्याकाळी घ्या. दिवसभरात पावले किंचित सुजतात.
- खेळताना घालायचे गुडघ्यापर्यंतचे मोजे घालूनच मोजा.
- भिंतीला टाच टेकवून, कागदावर उभे राहून, सर्वांत लांब बोटाच्या टोकापर्यंत सेंटीमीटरमध्ये अंतर मोजा. सर्वांत लांब बोट अंगठाच असेल असे नाही.
- दोन्ही पावले मोजा. बहुतेकांचे एक पाऊल थोडे मोठे असते. माप मोठ्या पावलाचे धरा.
- ऑनलाइन मागवताना भारतीय, ब्रिटिश, युरोपीय आणि अमेरिकन आकडे वेगळे असतात. आकड्यावर विसंबू नका, कंपनीच्या तक्त्यातील सेंटीमीटर पाहा.

बूट घातल्यावर उभे राहा. लांब बोटापुढे साधारण १ सेंटीमीटर, म्हणजे हाताच्या अंगठ्याच्या रुंदीपेक्षा थोडी कमी जागा असावी. चवडा दोन्ही बाजूंनी दाबला जाऊ नये. आता महत्त्वाची चाचणी : दुकानातच गार्डच्या स्थितीत उभे राहा, पाच-सहा पावले पुढे-मागे टाका आणि चार-पाच लंज घ्या. लाजू नका. लंजमध्ये बोटे पुढे आपटली तर बूट लहान आहे किंवा लेस सैल आहे. टाच बुटातून वर उचलली गेली तर बूट मोठा आहे किंवा टाचेची वाटी तुमच्या टाचेपेक्षा रुंद आहे. मागचे पाऊल आडवे ठेवून जोर लावल्यावर ते बुटाच्या कडेवरून बाहेर सरकते आहे असे वाटले तर तो बूट ठेवून द्या.

टाच थोडीशीच सुटत असेल तर लेस बांधण्याची पद्धत बदलून पाहा. दोन्ही बाजूंची लेस सर्वांत वरच्या छिद्रात त्याच बाजूने घालून छोटा फासा करा. मग एका बाजूची लेस दुसऱ्या बाजूच्या फाशातून ओढून घट्ट करा आणि नेहमीप्रमाणे गाठ मारा. टाच मागे बसते आणि बोटे पुढे सरकत नाहीत. उरलेली टोके बुटात खोचून ठेवा.

वाढत्या वयातील मुले : 'मोठे घेऊ, टिकतील' हे टाळा

बूट एक-दोन नंबर मोठे घेतले की पाऊल आत पुढे-मागे घसरते. लंज घेताना बोटे आपटतात, नख काळे पडते, टाचेला फोड येतात. पाऊल सावरण्यासाठी मूल नकळत बोटे आवळून धरते आणि पोटरी ताणलेली राहते. लहान झालेले बूटही तितकेच वाईट. म्हणून मुलांचे पाऊल दर तीन महिन्यांनी मोजा. पुढची जागा अर्धा सेंटीमीटरच्या आत आली की बूट बदला.

साधारण ८ ते १४ वर्षांच्या मुलांच्या टाचदुखीचे एक कारण पालकांना माहीत असायला हवे. या वयात टाचेच्या हाडाच्या मागच्या टोकाला वाढीची कुर्चा असते. पोटरीचा जाड स्नायुबंध तिथेच जोडलेला असतो. हाडे झपाट्याने वाढतात, स्नायू तितक्या वेगाने लांबत नाहीत, त्यामुळे तो स्नायुबंध या कुर्चेला ओढत राहतो. त्यात लंजचे धक्के आणि पातळ तळाचे बूट यांची भर पडली की टाच दुखू लागते. याला सीव्हर्सचा आजार म्हणतात.

ओळखायच्या खुणा अशा : दुखणे खेळताना किंवा खेळल्यावर वाढते, विश्रांतीने कमी होते, टाच दोन्ही बाजूंनी दाबली की मूल कळवळते, आणि कधी कधी मूल चवड्यावर चालते. सूज किंवा लाली सहसा नसते. हा आजार गंभीर नाही. वाढ पूर्ण झाली की तो थांबतो आणि हाडाला कायमची इजा होत नाही. पण मूल खोटे बोलत आहे असे समजून त्याला तसेच खेळायला लावणे योग्य नाही. काही आठवडे लंज आणि उड्या कमी करणे, टाचेखाली सिलिकॉनचे कप घालणे, पोटरीचे ताणाचे व्यायाम आणि योग्य बूट एवढ्याने बहुतेक मुले बरी होतात. प्रशिक्षकांना चिठ्ठी देऊन कळवा. या काळात हाताचे काम आणि उभ्याने करायचे सराव चालू ठेवता येतात, त्यामुळे मूल खेळापासून तुटत नाही.

गुडघ्याच्या वाटीखाली नडगीच्या हाडावर दुखरा उंचवटा दिसत असेल तर तेही वाढीच्या वयातलेच, पण गुडघ्याचे दुखणे असू शकते. ते डॉक्टरांना दाखवावे.

मोजे, टाचेचे कप आणि सपाट तळवे

तलवारबाजीत मोजे गुडघ्यापर्यंत असणे नियमानेच आवश्यक आहे. तळव्याखाली जाड आणि घाम शोषणारे मोजे घ्या. फोड हा ओलावा आणि घर्षण यांमुळे येतो. मोजे प्रत्येक सरावानंतर धुवा. टाचेजवळ ढिले झालेले मोजे बुटात गोळा होतात, ते टाकून द्या.

टाचेचे कप किंवा जेलच्या गाद्या औषधांच्या दुकानात मिळतात. टाच दुखत असेल तर त्यांचा उपयोग होतो. कप घातल्यावर टाच वर उचलली जाते, त्यामुळे बूट पुन्हा घट्ट बांधून लंज घेऊन पाहा. नेहमीची सवय म्हणून दोन्ही बुटांत सारखीच जाडी ठेवा.

'मुलाचे तळवे सपाट आहेत, खास बूट लागतील का?' हा नेहमीचा प्रश्न. मूल चवड्यावर उभे राहिल्यावर कमान दिसत असेल आणि काही दुखत नसेल, तर अशा सपाट तळव्यांना सहसा उपचार लागत नाहीत. महागड्या सोलची गरज नाही. दुखत असेल, कमान चवड्यावर उभे राहूनही दिसत नसेल किंवा एकाच पायाचा तळवा सपाट असेल तर तपासणी करून घ्या.

बूट कधी बदलावेत?

कॅलेंडर पाहून नव्हे, बूट पाहून ठरवा. महिन्यातून एकदा दोन्ही बूट टेबलावर ठेवून मागून पाहा.

- पुढच्या पायाच्या बुटाची टाच : रबर झिजून आतला थर दिसतो आहे का? अंगठ्याने दाबल्यावर दबलेला थर वर येत नाही का?
- मागच्या पायाच्या बुटाची आतली कड : आवरण फाटून मोजा दिसतो आहे का?
- बूट एका बाजूला कलला आहे का?
- तळाची नक्षी गुळगुळीत झाली आहे का?

यातील एक जरी उत्तर 'हो' असेल तरी नवे बूट घ्या. वरून चकाचक दिसणाऱ्या बुटाचा आतला थर आधीच संपलेला असू शकतो. जुने बूट असताना बरी असलेली टाच किंवा गुडघा अचानक दुखू लागला, तर आधी बूट तपासा.

नवे बूट स्पर्धेच्या दिवशी पहिल्यांदा घालू नका. निदान पाच-सहा सरावांत ते वापरून पाहा. आणि हे बूट सरावाच्या जागीच घाला. रस्त्यावर, बसमध्ये घातले तर तळावर धूळ बसते, पकड जाते आणि पाय घसरतो. सरावाआधी ओल्या फडक्याने तळ पुसून कोरडा करा.

पावसाळ्यात आपल्याकडे बूट दिवसेंदिवस वाळत नाहीत. ओलसर बुटात बुरशी वाढते, बोटांच्या बेचक्यात खाज आणि पांढरी सोललेली त्वचा दिसते. सरावानंतर आतला सोल बाहेर काढा, बुटात वर्तमानपत्राचे बोळे भरा आणि पंख्याखाली ठेवा. कडक ऊन किंवा हीटरजवळ ठेवल्यास डिंक सुटतो. बोटांमध्ये नीट कोरडे करूनच मोजे घाला. दुसऱ्याचे बूट वापरू नका.

दुखणे कुठे आहे त्यावरून बुटात काय पाहावे?

- *अंगठ्याचे काळे नख :* बूट लहान, किंवा लेस सैल असल्यामुळे पाऊल पुढे आपटते.
- *पुढच्या पायाची टाच :* टाचेखालचा थर पातळ किंवा संपलेला.
- *सकाळी पहिले पाऊल टाकताना टाचेच्या तळाशी कळ :* तळव्याच्या पडद्याची सूज. कमानीला आधार आहे का ते पाहा, पोटरीचा ताण द्या.
- *मागच्या पायाचा पोटरीखालचा स्नायुबंध :* टाचेची कड वर घासते का, सराव अचानक वाढवला का, ते पाहा.
- *घोटा वारंवार मुरगळणे :* तळ उंच आणि मऊ, किंवा टाचेची वाटी सैल. घोट्याचे स्नायू बळकट करण्याचे व्यायामही हवेत.
- *गुडघ्याच्या पुढची बाजू :* बुटाइतकेच लंजमधल्या चुकीकडेही लक्ष द्या. गुडघा आत वळत असेल तर तो पावलाच्या रेषेत ठेवायला प्रशिक्षकांकडून शिका.

बूट बदलूनही दोन-तीन आठवड्यांत फरक पडला नाही तर कारण दुसरे आहे, असे समजून तपासणी करून घ्या. दुखणे दाबण्यासाठी सरावाआधी वेदनाशामक गोळी घेणे चुकीचे आहे. मुलांना तर ती स्वतःच्या मनाने देऊच नये.

डॉक्टरांकडे लगेच कधी जावे?

- घोटा मुरगळल्यावर त्या पायावर चार पावलेही टाकता येत नसतील.
- घोट्याच्या उंचवट्याच्या हाडावर, किंवा करंगळीच्या बाजूला पावलाच्या मध्यावरच्या हाडावर दाबल्यावर तीव्र दुखत असेल.
- पोटरीखाली 'कोणी मागून लाथ मारली' असे वाटून चवड्यावर उभे राहता येत नसेल.
- हाडावर एकाच बिंदूवर दुखत असेल, रोज वाढत असेल किंवा रात्री विश्रांतीतही दुखत असेल.
- गुडघा सुजला, अडकला किंवा चालताना निसटतो असे वाटत असेल.
- दुखण्यासोबत ताप, लाली किंवा गरमपणा असेल.

तोपर्यंत खेळ थांबवा, पाय उंचावर ठेवा आणि बर्फ कापडात गुंडाळून १५ ते २० मिनिटे शेका. बर्फ थेट त्वचेवर लावू नका. सूज असताना मालिश करणे किंवा पाय 'बसवून' घेणे टाळा.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

*बूट कोणता घालावा याचा नियम आहे का?*
जाकीट आणि मास्क यांच्या कापडाने किती जोर सहन करावा हे न्यूटनमध्ये ठरलेले असते, उदाहरणार्थ आंतरराष्ट्रीय स्पर्धांसाठी जाकीट ८०० न्यूटनचे लागते. बुटांसाठी असे मानक नाही. त्यामुळे निवडीची जबाबदारी आपल्यावर येते.

*घोट्याच्या वर येणारे उंच बूट बरे का?*
आधी मुरगळलेल्या घोट्याला काहींना त्याने बरे वाटते, पण हालचाल थोडी अडते. अशा खेळाडूंनी योग्य बुटासोबत घोट्याचा पट्टा आणि एका पायावर तोल सांभाळण्याचे व्यायाम करावेत. व्यायामांचा फायदा जास्त टिकतो.

*मोठ्या भावाचे जुने बूट चालतील का?*
मापाचे असले तरी आतला थर आणि तळ आधीच्या पावलाप्रमाणे दबलेले असतात. भाऊ डावखुरा आणि मूल उजव्या हाताने खेळणारे असेल तर झीज नेमकी उलट्या बुटावर असते. तपासणीत उत्तम ठरले तरच वापरा.

*मुलीला मुलांच्या मापाचे बूट घ्यावे लागतात, चालेल का?*
चालेल, पण मुलींची टाच बऱ्याचदा अरुंद असते. टाच सुटते का हे लंज घेऊन पाहा आणि वर सांगितल्याप्रमाणे लेस बांधा.

पालकांनी यातल्या तीन गोष्टी तरी कराव्यात : बूट लंज घेऊनच निवडा, मुलाचे पाऊल दर तीन महिन्यांनी मोजा आणि 'टाच दुखते' हे वाक्य पहिल्यांदा ऐकताच मनावर घ्या. टाचेचे दुखणे लवकर ओळखले तर काही आठवड्यांच्या सवलतीने भागते. दुर्लक्ष केले तर मूल अख्खा मोसम गमावते आणि कधी कधी खेळच सोडून देते.